ट्रॅक्टरचे सुकाणू : पुढचे टायर कसे निवडावेत?



विजयदुर्गच्या धक्क्यावर उभे राहून वाघोटन खाडीत शिरणारी होडी तुम्ही कधी पाहिली आहे काय? होडीला पुढे ढकलण्याचे काम वल्ही, शीड किंवा इंजिनाचा पंखा करतो. होडीचे तोंड कोणत्या दिशेला वळणार, हे मात्र पाठीमागे लावलेले एक लहानसे सुकाणू ठरवते. बळ एकाचे आणि दिशा दुसऱ्याची, अशी ही कामाची वाटणी आहे. सुकाणू तुटले, तर इंजिन कितीही जोरदार असले तरी होडी खडकावर जायची.

आता खाडीकडे पाठ करून पडेलच्या रस्त्याने वर सड्यावर चला. येथे चिरे, शेणखत किंवा आंब्याच्या पेट्या भरलेली ट्रॉली ओढणारा एखादा ट्रॅक्टर भेटला, तर जरा थांबून त्याची चाके पाहा. होडीतली तीच वाटणी तुम्हांला येथे दिसेल, फक्त जागांची अदलाबदल झालेली. ढकलणारी चाके मागे आणि सुकाणू पुढे! साध्या, दोन चाकांना शक्ती मिळणाऱ्या ट्रॅक्टरमध्ये इंजिनाची सारी शक्ती मागच्या दोन चाकांनाच मिळते. इतकेच नव्हे, तर ब्रेकसुद्धा मागच्याच चाकांना असतात. पुढची दोन चाके गाडी ओढत नाहीत आणि थांबवतही नाहीत. त्यांची कामे दोनच : पुढचा भार उचलून धरणे आणि दिशा दाखवणे.

ही गोष्ट नीट ध्यानात ठेवा. पुढचा टायर कसा निवडायचा, याचे उत्तर तिच्यातच दडलेले आहे.

पुढची चाके लहान का?

शेतातल्या मऊ मातीत जोराने ओढायचे, तर चाकाने जमिनीला मोठी मिठी मारली पाहिजे. म्हणून मागची चाके उंच आणि रुंद असतात. त्यांच्या टायरवर तिरप्या, जाड रबरी पट्ट्या असतात. त्या मातीत रुततात आणि चाक फिरू लागले की मातीला मागे रेटतात. वल्हे पाण्याला मागे रेटते, तसेच हे. ट्रॅक्टरचे बहुतेक वजनही मागेच ठेवलेले असते. साधारण हिशेब धरायचा, तर दोन भाग मागे आणि एक भाग पुढे.

पुढच्या चाकांवर भार कमी आणि ओढण्याचे काम नाही, म्हणून ती लहान असली तरी चालते. लहान चाके इंजिनाखाली आणि बाजूला सहज वळतात. त्यामुळे शेताच्या कडेला ट्रॅक्टर थोड्या जागेत फिरवता येतो.

कंगोरे कशासाठी?

आता पुढच्या टायरची नक्षी पाहा. मागच्या टायरवर पट्ट्या तिरप्या, तर पुढच्या टायरवर सरळ! टायरच्या घेराभोवती फिरलेले तीन उंच कंगोरे आणि त्यांच्यामध्ये दोन खोल चर. शेतीच्या ट्रॅक्टरला बहुधा असा तीन कंगोऱ्यांचा टायर असतो.

समजा, ट्रॅक्टर नांगरलेल्या शेतात चालला आहे आणि चालकाने स्टिअरिंग उजवीकडे फिरवले. चाके उजवीकडे वळली, पण जड ट्रॅक्टर मात्र सरळच जाऊ पाहतो. म्हणजे पुढची चाके काही क्षण तिरपी होऊन मातीवरून आडवी घसरू लागतात. त्या वेळी मातीत रुतलेल्या कंगोऱ्यांच्या उभ्या भिंती मातीला बाजूला दाबतात. उलट मातीही त्यांना तितक्याच बळाने दाबते. हा न्यूटनचा तिसरा नियम तुम्ही शिकलाच आहात. मातीचा हा आडवा दाब ट्रॅक्टरचे तोंड वळवतो. सुकाण्याची फळी पाण्याला दाबते आणि होडी वळते, अगदी तसेच.

ही युक्ती रबरी टायरपेक्षाही जुनी आहे. डनलॉप यांनी हवा भरलेला टायर १८८८ साली सायकलसाठी आणला. शेतीच्या ट्रॅक्टरांना मात्र पुढे कित्येक वर्षे लोखंडी चाकेच होती. अमेरिकेत १९३२ साली अ‍ॅलिस-चामर्स कंपनीच्या ट्रॅक्टरला हवेचे टायर बसवून पाहिले गेले आणि तेथून रबरी टायर शेतात शिरले. त्याआधीच्या लोखंडी पुढच्या चाकांच्या मधोमध एक उंच लोखंडी पट्टी बसवलेली असे. ती मातीत रुतून चाकाला आडवे घसरू देत नसे. आजचे रबरी कंगोरे हे त्या पट्टीचेच वंशज होत.

जुना ट्रॅक्टर, चार टायर

आता एका प्रत्यक्ष अडचणीचा विचार करू. मुंबईत कांदिवलीच्या कारखान्यातून १९६५ साली बी-२७५ नावाचे ट्रॅक्टर बाहेर पडू लागले. इंटरनॅशनल हार्वेस्टर या परदेशी कंपनीच्या सहकार्याने महिंद्र कंपनीने ते बनवले होते. त्यांची शक्ती सुमारे ३५ अश्वशक्ती. अशा जुन्या ट्रॅक्टरांवर प्रेम करणारी आणि ते चालते ठेवणारी माणसे अजूनही आहेत.

समजा, तुमच्या काकांकडे याच जातीचा एक जुना ट्रॅक्टर आहे. पावसाळ्याआधी दोन आठवडे तो मळ्यात नांगर ओढतो आणि एरवी सड्यावरच्या चिरेखाणीतून चिरे आणतो. त्याचे पुढचे टायर आता अगदी गोटा झाले आहेत. त्यांवर ६.००-१६ असे माप लिहिलेले आहे. काका टायरच्या दुकानात गेले, तेव्हा त्यांच्यापुढे चार टायर आले :

(१) जीपचा जुना टायर. माप तेच, ६.००-१६. किंमत सर्वांत कमी.
(२) ७.५०-१६ मापाचा मोठा, नवा, तीन कंगोऱ्यांचा टायर.
(३) ६.००-१६ मापाचा तीन कंगोऱ्यांचा टायर. कधीच न वापरलेला, पण बरीच वर्षे दुकानात पडून असलेला.
(४) ६.००-१६ मापाचा तीन कंगोऱ्यांचा नवा टायर. किंमत सर्वांत जास्त.

काकांनी कोणता घ्यावा? उत्तर देण्याची घाई करू नका. आधी टायरवरचे आकडे वाचायला शिकू.

आकड्यांची भाषा

६.००-१६ यातला पहिला आकडा टायरची रुंदी सांगतो : सुमारे ६ इंच. दुसरा आकडा टायर ज्या लोखंडी रिमवर बसतो तिचा व्यास सांगतो : १६ इंच. मधली आडवी रेघ सांगते, की टायरमधले धाग्यांचे थर तिरपे, एकमेकांना छेदून घातलेले आहेत. रेघेच्या जागी इंग्रजी ‘आर’ अक्षर असते, तर तो रेडियल टायर, म्हणजे ज्याचे धागे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ गेलेले असतात.

याशेजारी ‘६ पी.आर.’ किंवा ‘८ पी.आर.’ असेही लिहिलेले आढळते. पूर्वी टायरमध्ये सुती कापडाचे थर घालत. थर जितके जास्त, तितका टायर मजबूत. आता सुताच्या जागी नायलॉनसारखे बळकट धागे आले. त्यामुळे ‘८ पी.आर.’ म्हणजे आत आठ थर आहेत असे नव्हे, तर पूर्वीच्या आठ सुती थरांइतकी मजबुती आहे, असा त्याचा अर्थ.

आणखी एक चार आकड्यांची खूण पुष्कळ टायरांच्या बाजूवर असते. उदाहरणार्थ, २३१९. पहिले दोन आकडे आठवडा सांगतात आणि शेवटचे दोन वर्ष. म्हणजे हा टायर २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात बनला. टायरची ही जन्मतारीखच म्हणा ना!

भार कोण उचलतो?

तुम्हांला वाटेल, भार टायरचे रबर उचलते. पण खरा भार उचलते ती आतली हवा. काकांच्या ट्रॅक्टरचे वजन सोयीसाठी १८०० किलो धरू. त्यातले ६०० किलो पुढे, म्हणजे एका चाकावर ३०० किलो. पुढच्या टायरमध्ये हवेचा दाब दर चौरस इंचाला सुमारे ३० पौंड, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण २ किलो असतो. ३०० ला २ ने भागले की १५० चौरस सेंटिमीटर येतात. टायर जमिनीवर सुमारे एवढाच टेकतो. पोस्टकार्डाहून थोडीशी मोठी ही जागा! हवा कमी झाली, तर टायर बसतो आणि जास्त जागेवर टेकतो. मग त्याच्या दोन्ही कडा झिजतात आणि बाजू दुमडून दुमडून तापतात. हवा फार भरली, तर मधलाच कंगोरा झिजतो. म्हणून हवा ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत सांगितली आहे तितकीच भरावी आणि ती टायर थंड असताना मोजावी.

चढावर सुकाणू हलके होते

आता काकांचा ट्रॅक्टर तीन टन ओझ्याची ट्रॉली घेऊन चढ चढत आहे असे समजा. आठ मीटर चालले की एक मीटर वर, असा हा चढ. ट्रॉलीला वर ओढायला ३००० चा आठवा भाग, म्हणजे ३७५ किलो बळ हवे. चाकांच्या विरोधासाठी आणखी सुमारे १०५ किलो. एकूण झाले ४८०.

ट्रॉलीचा हूक जमिनीपासून अर्धा मीटर उंच आहे आणि पुढच्या व मागच्या चाकांमधले अंतर दोन मीटर आहे असे धरा. हुकावरचा ताण ट्रॅक्टरला मागच्या चाकांभोवती उलटा फिरवू पाहतो. तरफेच्या नियमाने पुढचा भार ४८० × ०.५ ÷ २, म्हणजे १२० किलोंनी कमी होतो. शिवाय ट्रॅक्टर स्वतः चढावर तिरपा झाल्यामुळे त्याचे वजन मागे सरकते. त्याचा गुरुत्वमध्य ०.८ मीटर उंच धरला, तर आणखी सुमारे ९० किलो जातात. ६०० मधून २१० गेले. पुढे उरले फक्त ३९० किलो!

वजन कमी झाले की चाकाची जमिनीवरची पकडही कमी होते. रस्त्यावर जांभ्याची भुकटी किंवा खडी पसरलेली असेल, तर चालक स्टिअरिंग फिरवतो आणि ट्रॅक्टर मात्र सरळच जातो. अशा वेळी कंगोरे शाबूत असणे किती महत्त्वाचे आहे, हे तुमच्या लक्षात येईल.

एक गोष्ट मात्र टायरच्या हातात नाही. हूक जितका उंच, तितका पुढचा भार जास्त हलका होतो. अर्ध्या मीटरऐवजी एक मीटरवर साखळी बांधली, तर १२० ऐवजी २४० किलो जातील. मागच्या आसापेक्षा उंच जागी साखळी अडकवून ओढताना ट्रॅक्टर मागे उलटून माणसे दगावली आहेत. चाक जमिनीवरून उचलले गेले, की सर्वांत महागडा टायरसुद्धा हवेलाच वळवणार! म्हणून हूक नेहमी खालच्या, ठरवून दिलेल्या जागीच लावायचा.

उतारावर याच्या उलट घडते. वजन पुढे येते आणि ट्रॉली पाठीमागून रेटू लागते. ब्रेक मागच्याच चाकांना. अशा वेळी पुढचा टायर कमकुवत असेल, तर तो फुटण्याची भीती, आणि गुळगुळीत असेल, तर वळणावर घसरण्याची. घसरला की ट्रॉली ट्रॅक्टरला आडवा करते. म्हणून उतार नेहमी खालच्या गिअरमध्ये, सावकाश उतरायचा.

आता निवड करू

पहिला, जीपचा टायर. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपलाही ६.००-१६ मापाचेच टायर होते. त्यामुळे तो रिमवर अगदी नेमका बसतो. पण माप एक असले तरी काम एक नाही. जीपचा टायर रस्त्यावर वेगाने धावण्यासाठी केलेला असतो. त्याची नक्षी उथळ, तिचे तुकडे लहान. मळ्यातल्या ओल्या मातीत ते चिखलाने भरून जातात आणि आडवी पकड देणारी उंच भिंतच उरत नाही. त्यातून तो जुना, झिजलेला! काकांनी तो नाकारावा. याची उलट बाजूही ध्यानात ठेवा. ट्रॅक्टरचा पुढचा टायर हळू चालण्यासाठी बनवलेला असतो. तो जीपला बसवून वेगाने पळवणे फार धोक्याचे.

दुसरा, मोठा टायर. ‘मोठा तो चांगला’ असे वाटणे साहजिक आहे. रिमचा व्यास तोच, १६ इंच. पण रुंद टायरला रुंद रिम लागते. अरुंद रिमवर तो चिमटल्यासारखा बसतो आणि त्याची बाजू वळणावर डुलते. त्याची उंचीही जास्त, त्यामुळे ट्रॅक्टरचे नाक वर उचलले जाते आणि नांगराचा कोन बदलतो. स्टिअरिंग जड होते, आणि जुन्या ट्रॅक्टरला ते हलके करणारी यंत्रणा नसते, हातानेच फिरवावे लागते. वाढलेला ताण सांध्यांवर पडून ते लवकर ढिले होतात. तेव्हा हाही नको.

तिसरा, दुकानात पडून राहिलेला टायर. कंगोरे तर कोरे करकरीत! पण रबर न वापरताही म्हातारे होते. ऊन, उष्णता आणि हवेतला ओझोन वायू रबराच्या लांबलचक रेणूंना तोडतात. रबर कडक होते आणि त्यावर बारीक भेगा पडतात. टायरची बाजू अंगठ्यांनी जरा वाकवून पाहा. भेगा उघडून आतले धागे दिसू लागले, तर तो टायर कितीही स्वस्त मिळो, घेऊ नये. चार आकड्यांची जन्मतारीख वाचायची ती याचसाठी. कोकणातला जुना ट्रॅक्टर वर्षातून थोडेच दिवस चालतो. त्याचे टायर पुष्कळदा झिजण्याआधी म्हातारेच होतात. काम नसताना ट्रॅक्टर सावलीत उभा करावा, तो याच कारणाने.

उरला चौथा. माप मूळचे, तीन कंगोरे, रबर ताजे. पण तो घेण्याआधी काकांना एक प्रश्न विचारा. “काका, ट्रॅक्टर शेतात जास्त चालतो की रस्त्यावर?” डांबरी रस्त्यावर कंगोरे रुतत नाहीत. तेथे रबर जितके जास्त टेकेल तितके बरे. तीन उंच कंगोरे डांबरावर भराभर झिजतात. वर्षभर केवळ रस्त्यावरच ओझे वाहायचे असेल, तर त्याच मापाचा, चार किंवा जास्त रुंद कंगोऱ्यांचा टायर जास्त टिकेल. मळ्यात नांगरायचे असेल, तर मात्र तीनच कंगोरे हवेत. काकांना दोन्ही कामे करायची आहेत. मळ्यातले दिवस थोडे असले, तरी तेथे कंगोऱ्यांवाचून अडते आणि खडीच्या चढावरही त्यांचाच आधार असतो. म्हणून त्यांनी चौथाच टायर घ्यावा, आणि रस्त्यावर तो लवकर झिजणार हे धरून चालावे.

आणि एक नव्हे, जोडी घ्यावी. एक नवा आणि एक गोटा असे टायर घातले, तर दोन्ही बाजूंची पकड वेगळी होते आणि ट्रॅक्टर एका बाजूला ओढू लागतो.

नवा घालण्याआधी जुना वाचा

जुने टायर फेकून देण्याआधी त्यांच्यावरून हात फिरवा. कंगोऱ्यांच्या कडा एका बाजूने करवतीसारख्या झिजल्या असतील, तर चाकांचा मेळ बिघडला आहे असे समजावे. दोन्ही चाके पुढून किंचित आत वळलेली असावी लागतात. हे अंतर काही मिलिमीटरच असते, पण ते चुकले की टायर सतत थोडा आडवा घासत चालतो. तो दोष दूर न करता नवा टायर घातला, तर तोही तसाच झिजणार.

रिमही तपासावी. विजयदुर्गसारख्या ठिकाणी समुद्राच्या खाऱ्या हवेने लोखंड लवकर गंजते. गंजाचे पापुद्रे ट्यूबला कापतात. म्हणून रिम घासून, रंग देऊन, नवी ट्यूब घालूनच टायर बसवून घ्यावा. टायर चढवणे आणि त्यात हवा भरणे हे जाणत्या माणसाचे काम आहे. हवा भरताना टायर रिमवरून निसटला, तर जीवघेणा फटका बसतो. तुम्ही लांब उभे राहून पाहा, हात लावू नका.

करून पाहा

१. सारख्या आकाराचे दोन रिकामे, गोल डबे घ्या. एका डब्याच्या घेराभोवती जाड सुतळीची तीन कडी घट्ट बांधा. दुसऱ्या डब्यावर सुतळीचे तुकडे लांबीच्या दिशेने चिकटवा. दोन्हींत सारखी वाळू भरून झाकणे लावा. आता पुळणीवरच्या ओल्या वाळूत दोन्ही डबे पुढे लोटा, मग बाजूला सरकवून पाहा. कोणता डबा आडवा सरकायला जास्त विरोध करतो? यातला कोणता पुढच्या टायरसारखा आणि कोणता मागच्या टायरसारखा?

२. सायकलच्या मागच्या टायरला खडू फासा. चाकाखाली चौकटीचा कागद ठेवून सायकल त्यावर अलगद टेकवा आणि मित्राला बसवा. कागदावर उमटलेल्या ठशाचे क्षेत्रफळ मोजा. सायकलच्या दुकानात हवेचा दाब मोजून घ्या. क्षेत्रफळ आणि दाब यांचा गुणाकार करा. मागच्या चाकावरचा भार साधारणपणे तेवढाच येतो की नाही, ते पडताळून पाहा. उत्तर अगदी तंतोतंत येणार नाही. का येणार नाही, याचा विचार करा. टायरची बाजूही थोडा भार उचलते, हे ध्यानात असू द्या.

पुढच्या वेळी रस्त्यात ट्रॅक्टर दिसला, तर त्याच्या मोठ्या मागच्या चाकांबरोबर लहान पुढच्या चाकांकडेही पाहा. कंगोरे किती उरले आहेत? दोन्ही टायर जोडीचे आहेत काय? हूक कोठे लावला आहे? काही चुकलेले दिसले, तर ते चालकाला नम्रपणे सांगा. उतार उतरण्याआधी सुकाणू तपासलेले केव्हाही बरे!